गाणं तेच, घराणं दुसरं: अनपेक्षित कव्हर कसं बांधायचं

नाइन इंच नेल्स या अमेरिकी बँडचं ‘हर्ट’ १९९४ साली आलं, तेव्हा ते यंत्रांच्या खरखरीने वेढलेलं, तिशीही न गाठलेल्या तरुणाचं गाणं होतं. २००२ मध्ये सत्तरीतल्या जॉनी कॅशने ते जवळजवळ नुसत्या गिटार आणि पियानोवर गायलं. चाल तीच, शब्दही एखादा सोडला तर तेच. पण तरुणाचा आत्मनाश ऐकू येत होता तिथे आता मागे वळून बघणाऱ्या म्हाताऱ्याचा सगळा जमाखर्च ऐकू येऊ लागला. मूळ गीतकार ट्रेंट रेझ्नर पुढे म्हणाला की हे गाणं आता माझं राहिलेलं नाही.

अशी कव्हर, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याची आपल्या पद्धतीने केलेली रूपं, ऐकून ज्यांचे हात शिवशिवतात त्यांच्यासाठी हा लेख आहे. चार-पाच कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वरसमूह) येत असतील किंवा पेटीवर चाल काढता येत असेल तर सुरुवातीला तेवढं पुरे. माझं म्हणणं थोडक्यात असं: मूळ वाद्यमेळाखाली गाण्यातलं काहीतरी झाकलेलं असतं आणि दुसऱ्या शैलीत नेल्यावर ते उघडं पडलं पाहिजे. तसं काही उघडं पडत नसेल तर ते गाणं सोडून दुसरं घ्यावं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या झाकलेल्या गोष्टीपर्यंत पोचण्यासाठी आहेत.

पायरी १: जोडीने ऐका

मूळ गाणं ऐका, मग कव्हर ऐका आणि लगेच परत मूळ गाणं ऐका. शिकायला मिळतं ते या तिसऱ्या ऐकण्यात. कव्हरमधून परत आल्यावर मूळ गाण्यात एखादी ओळ नव्याने टोचते, एखादी खालची सुरावट अचानक पुढे येते. ते वहीत लिहून ठेवा. शेजारी ठेका, लय, पट्टी, कॉर्ड आणि गाण्याची ढब यांत काय काय बदललं तेही लिहा.

सुरुवातीला या जोड्या घ्या. टिअर्स फॉर फिअर्सचं ‘मॅड वर्ल्ड’ (१९८२) आणि मायकेल अँड्र्यूज व गॅरी ज्यूल्स यांनी एका चित्रपटासाठी २००१ मध्ये केलेलं त्याचं पियानोवरचं रूप. ग्लोरिया जोन्सने साठच्या दशकात गायलेलं ‘टेन्टेड लव्ह’ आणि सॉफ्ट सेलचं १९८१ चं सिंथेसायझरवरचं. बॉब डिलनचं ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ (१९६७) आणि जिमी हेंड्रिक्सचं १९६८ चं. शेवटच्या जोडीत एक गंमत आहे. डिलनचं मूळ गाणं अगदी साधं, गिटार-माउथऑर्गनचं; हेंड्रिक्सने त्यात इलेक्ट्रिक गिटारचं वादळ आणलं आणि त्यानंतर खुद्द डिलन ते मैफलींत हेंड्रिक्सच्या अंगाने वाजवू लागला. मूळ कलाकारालाच स्वतःच्या गाण्यात नवीन काही दिसावं, याहून मोठी पावती कव्हरला मिळत नाही.

पायरी २: गाणं निवडा

श्रोत्याला मूळ गाणं माहीत असलं पाहिजे. ‘हे ते गाणं? असं?’ हा धक्का ओळखीशिवाय बसत नाही. दुसरं, गाणं तुम्हाला मनापासून आवडणारं हवं. थट्टेसाठी केलेलं कव्हर पहिल्या मुखड्यापर्यंत हसवतं. पुढची तीन मिनिटं त्याच्याकडे सांगायला काही उरत नाही. आवडीच्या गाण्याच्या बाबतीत मात्र तुम्हाला त्याच्या दुसऱ्या अंतऱ्यातही काहीतरी दिसलेलं असतं.

तिसरी कसोटी टाळीची. नुसती टाळी धरून गाणं म्हणून बघा. चाल उभी राहिली तर ते कुठल्याही शैलीत न्यायला सोपं. काही लोकप्रिय गाण्यांची सगळी मजा मात्र ध्वनिमुद्रणात असते: सिंथेसायझरचा एक विशिष्ट आवाज, एक भन्नाट ड्रम लूप आणि वर दोन-तीन स्वरांत फिरणारी ओळ. अशी गाणी टाळीवर कोसळतात. ती वर्ज्य नाहीत, पण पहिल्या प्रयत्नाला घेऊ नका.

पायरी ३: गाणं सोलून काढा

मूळ ट्रॅक बंद करा. तानपुऱ्याचा किंवा पेटीचा एक स्वर लावा आणि गाणं सावकाश, कुठलीही हरकत न घेता गा. मग चाल स्वरांत लिहून काढा. नोटेशन येत नसेल तर सा रे ग म मध्ये लिहा, काम तेवढंच होतं. लिहिताना तीन गोष्टींवर खूण करा: ओळ समेवर सुरू होते, समेच्या आधी की समेनंतर, सगळ्यात वरचा स्वर कुठल्या शब्दावर येतो, आणि श्वास कुठे घ्यावा लागतो. लोक गाणं ओळखतात ते बहुतेक वेळा या तीन गोष्टींवरून.

त्यानंतर शब्द नुसते वाचा, एखादं पत्र वाचावं तसे. चालीची सवय इतकी मुरलेली असते की आपण वर्षानुवर्षं गुणगुणत असलेल्या गाण्यातल्या शब्दांचा अर्थ कधी लक्षातच आलेला नसतो. ‘मॅड वर्ल्ड’चे शब्द पहिल्यापासून उदास होते. मूळ गाण्याच्या नाचऱ्या ठेक्याने ते अंगावर येऊ दिले नाहीत. ड्रम काढून टाकल्यावर तेच शब्द समोर येऊन बसले आणि ते रूप २००३ मध्ये ब्रिटनमध्ये नाताळच्या आठवड्यात पहिल्या क्रमांकावर गेलं.

आता ठरवायचं की या गाण्याची खूण कुठली. प्रत्येक गाजलेल्या गाण्यात एखादा म्युझिक पीस, एखादी ओळ किंवा उडी असते जिच्यामुळे ते दोन सेकंदांत ओळखू येतं. नवखे लोक ती खूण जिवापाड जपतात. मला वाटतं, ती काढून टाकून बघण्याचं धाडस एकदा तरी करावं. रोलिंग स्टोन्सचं ‘सॅटिसफॅक्शन’ (१९६५) घ्या. त्याचा गिटारचा सुरुवातीचा तुकडा जगातल्या सगळ्यात ओळखीच्या तुकड्यांपैकी एक आहे. डेव्हो या बँडने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्याचं तुटक, झटके देणारं कव्हर केलं, त्यात तो तुकडा नाही. कॅट पॉवरने २००० मध्ये नुसत्या गिटारवर ते गायलं आणि तिने तर ध्रुवपदच गाळलं, ज्या ओळीवरून गाण्याला नाव मिळालं तीच नाही. तरी दोन्ही वेळा गाणं शाबूत राहतं आणि दोन्ही वेळा वेगळं काहीतरी बोलतं. डेव्होकडे असमाधान यंत्रासारखं अडखळतं. कॅट पॉवरकडे ते इतकं खोल आहे की त्याचं नाव घेण्याचीही ताकद उरलेली नाही.

म्हणून कागदावर दोन रकाने करा: ‘धरायचं’ आणि ‘सोडायचं’. ‘धरायचं’ या रकान्यात एक किंवा दोनच गोष्टी लिहा. सगळंच धरून ठेवलं तर तुम्ही मूळ गाण्याची नक्कल कराल आणि सगळंच सोडलं तर नवीन गाणं. नव्या गाण्यात वाईट काही नाही, पण मग जुन्याचं नाव त्याला देऊ नये.

पायरी ४: शैली शब्दांना विचारा

‘हे गाणं रेगेमध्ये, म्हणजे त्या जमैकन शैलीत, कसं वाटेल?’ असा प्रश्न बहुतेक जण विचारतात. त्याआधी एक प्रश्न विचारावा: हे गाणं कोण म्हणतंय, कुणाला आणि कुठल्या वयात? उत्तर बदललं की शैली आपोआप सुचते.

ओटिस रेडिंगचं ‘रिस्पेक्ट’ (१९६५) हे कामावरून घरी येणाऱ्या पुरुषाचं मागणं आहे. १९६७ मध्ये अरीथा फ्रँकलिनने ते बाईच्या तोंडी घेतलं आणि मागण्याची दिशाच फिरली. मग तिला जे हवं होतं ते मूळ गाण्यात नव्हतंच: शब्दाची अक्षरं एकेक करून ठणकावणारा तुकडा, मागून बहिणींच्या आवाजांची साथ आणि मधे सॅक्सोफोनचा सोलो, ज्याच्या कॉर्ड दुसऱ्याच एका गाण्यातून घेतलेल्या आहेत. हे सगळं सजावट म्हणून आलेलं नाही. बोलणारी व्यक्ती बदलल्यामुळे त्याची गरज पडली. दोन्ही रूपं सोल संगीतातलीच आहेत, म्हणजे शैलीचं अंतर फार नाही, पण कव्हर कसं विचार करतं हे शिकायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

शैली ठरली की तिच्या घरी जाऊन राहा. मूळची त्याच शैलीतली निदान दोन गाणी वाजवता आल्याशिवाय कव्हरला हात लावू नका. ब्राझीलचा बॉसा नोव्हा म्हणजे शेकर आणि हळू आवाज, अमेरिकी ग्रामीण ब्लूग्रास म्हणजे बँजो, एवढ्या भांडवलावर केलेलं काम पहिल्या दहा सेकंदांत उघडं पडतं. लाहोरच्या सचल स्टुडिओजच्या वाद्यवृंदाने २०११ मध्ये ‘टेक फाइव्ह’ सतार, तबला आणि व्हायोलिनच्या ताफ्यावर वाजवलं. हे डेव्ह ब्रूबेक चौकडीचं १९५९ चं जॅझ, पाच मात्रांचं, ३ आणि २ असं विभागलेलं. वाजवणाऱ्यांत चित्रपटांच्या वाद्यवृंदांत उमर घालवलेले वादक होते. पाचाचं चक्र त्यांना अवघड जाण्याचं कारणच नव्हतं आणि स्वतःच्या वाद्याची भाषा त्यांच्या बोटांत होती. त्यामुळे ते जॅझची सतारीवरची नक्कल वाटत नाही. ब्रूबेकने स्वतः त्याचं कौतुक केलं होतं.

पायरी ५: ठेका बदला

ज्यांना फक्त एकच गोष्ट बदलून बघायची आहे त्यांनी ठेका बदलावा. शैलीची ओळख सगळ्यात आधी तिथे पटते.

आपल्या कानाला सोपा प्रयोग म्हणजे केरव्याचा दादरा करणं. चाराच्या वजनातली ओळ घ्या आणि सहाच्या वजनात बसवा. वजनदार अक्षराला दोन मात्रा, हलक्या अक्षराला एक. लांब-आखूड, लांब-आखूड असं म्हणत गेलं की ओळ आपोआप झुलायला लागते. जो कॉकरने १९६८ मध्ये बीटल्सच्या ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’चं नेमकं हेच केलं. मूळ गाणं चाराच्या आरामशीर चालीचं, मित्रांच्या घोळक्यातलं. कॉकरने ते संथ सहाच्या झोक्यावर घेतलं. ओळींच्या मधे मोकळ्या जागा तयार झाल्या, त्या जागांत ऑर्गन आणि मागच्या आवाजांनी साद दिली आणि सहज म्हटलेली गोष्ट प्रार्थनेसारखी झाली. इथे लक्षात घ्या की मोकळी जागा आधी तयार झाली आणि साद नंतर आली. ठेका बदलल्यावर ज्या जागा रिकाम्या होतात त्या लगेच भरू नका. काय मागतायत ते ऐका.

रेगेकडे जायचं असेल तर सम रिकामी सोडायची सवय करावी लागते. ‘वन ड्रॉप’ नावाच्या ठेक्यात ड्रमर पहिली मात्रा सोडतो, वजन तिसऱ्या मात्रेवर येतं आणि गिटारचे तुटक ठोके दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडतात. समेवर धा ऐकायची सवय असलेल्या गायकाला इथे पायाखालची जमीन गेल्यासारखं होतं. उपाय एकच: सम स्वतःच्या पायाने धरायची. न्यूयॉर्कच्या ईझी स्टार ऑल-स्टार्सनी पिंक फ्लॉइडचा १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अख्खा अल्बम २००३ मध्ये गाण्यांचा क्रम राखून रेगे आणि डबमध्ये (रेगेतूनच निघालेल्या, प्रतिध्वनी आणि मोकळ्या जागांच्या शैलीत) केला. मूळ संगीतातली पोकळी आणि डबमधली पोकळी यांचं इतकं जमलं आहे की हा अल्बम अभ्यासासाठी जवळ असावा.

स्विंगमध्ये मात्रेचे दोन समान भाग न करता पहिला साधारण दुप्पट लांब ठेवतात. डिस्कोत बास ड्रम चारही मात्रांवर पडतो. ब्लूग्रासमध्ये सहसा ड्रम नसतोच: पहिली-तिसरी मात्रा डबल बास सांभाळतो, दुसरी-चौथी मेंडोलिनचा कोरडा ठोका.

लयीबद्दल एक व्यवहारी सूचना. क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) लावून तेच गाणं तीन लयींत म्हणून रेकॉर्ड करा: निम्म्या, मूळ आणि दीडपट. नंतर चौथा प्रयोग: गाण्याची गती मूळचीच ठेवा आणि फक्त ड्रम निम्म्या गतीचे करा. शब्द स्पष्ट राहतात आणि तरी गाणं जड होतं. हेवी संगीतात ही युक्ती फार चालते.

पायरी ६: कॉर्ड बदला, पण जपून

पांढरी एकमध्ये सा धरा. तो सा ‘सी मेजर’ कॉर्डमध्ये मुळाचा स्वर आहे, म्हणून घरी आल्यासारखा वाटतो. तोच सा ‘ए मायनर’ कॉर्डवर ठेवला तर तिसरा स्वर होतो आणि हळवा वाटतो. ‘एफ मेजर’वर तो पाचवा स्वर होतो आणि उघडा, लांबवर बघणारा वाटतो. गायकाने काहीच बदललेलं नाही. चाल तशीच ठेवून अर्थ बदलण्याचं एवढं प्रभावी साधन दुसरं नाही, म्हणूनच ते उधळायचं नाही. पहिला मुखडा मूळ कॉर्डवर घ्या. दुसऱ्या वेळी एकाच शब्दाखाली कॉर्ड बदला, ज्या शब्दावर तुमचं गाणं उभं आहे त्या शब्दाखाली.

शुद्ध ग-ध कोमल करून आनंदी गाणं दुःखी करणं हा रस्ता नवख्यांना फार मोहात पाडतो. चित्रपटांच्या जाहिरातींनी संथ लय, उसासे टाकणारा आवाज आणि कोमल स्वरांचा पियानो हा साचा इतका वापरला आहे की कान त्याला सरावले आहेत. शब्दांनी मागितलं असेल तरच तिकडे जा.

रॉक-मेटलमधून दुसरीकडे जाताना एक तांत्रिक अडचण येते, ती आधीच सांगतो. गिटारला भरपूर डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडून खरखरीत करणं) लावलं की कॉर्डमधला तिसरा स्वर गढूळ ऐकू येतो, म्हणून हे वादक अनेकदा फक्त सा आणि प वाजवतात. त्याला ‘पॉवर कॉर्ड’ म्हणतात. त्यात ग नाहीच, म्हणजे कॉर्ड मेजर की मायनर हे मोकळं राहतं. तेच पियानोवर नेलं की पोकळ वाटतं आणि ग भरावा लागतो. शुद्ध भरायचा की कोमल, हे सहसा चाल सांगते. जिथे चाल गप्प बसते तिथे निर्णय तुमचा असतो. या एका निर्णयावर अख्ख्या कव्हरचा रंग ठरू शकतो.

कॉर्ड वाढवण्यापेक्षा कमी करणंही तितकंच मोठं काम करतं. जॉन कोल्ट्रेनचं १९६१ चं ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ ऐका. नाट्यगृहातलं गोड तीन मात्रांचं गाणं, बरेच कॉर्ड असलेलं. सोलोच्या वेळी कोल्ट्रेनच्या चौकडीने ते कॉर्ड बाजूला ठेवले आणि एकाच स्वराभोवती, कधी मायनर तर कधी मेजर, घोळत राहायचं ठरवलं. तेरा मिनिटांहून जास्त चालणाऱ्या त्या वादनात सोप्रानो सॅक्सोफोनला श्वास घ्यायला जागा मिळते आणि रागाची बढत ऐकायची सवय असलेल्यांना तिथे घरच्यासारखं वाटतं.

यावरून कुणाला वाटेल की कुठलंही गाणं तानपुऱ्यावर चढवावं. थांबा. एकाच ओळीत शुद्ध आणि कोमल असे दोन्ही स्वर येत असतील किंवा मधेच गाण्याचा सा सरकत असेल, तर स्थिर षड्ज त्या चालीशी भांडतो. अशा वेळी आधाराचा स्वर दर कडव्याला बदला किंवा ती शैलीच सोडा.

पायरी ७: वाद्यं कमी ठेवा

प्रत्येक वाद्याला एक काम द्या आणि मूळ गाण्यातलं कुठलं काम ते उचलतंय ते लिहा. फिनलंडच्या अपोकॅलिप्टिकाचा १९९६ चा पहिला अल्बम चार चेलोंवर मेटॅलिका या हेवी मेटल बँडची गाणी वाजवतो. ही मंडळी हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत शिकलेली. चारांपैकी कुणी गायकाची ओळ घेतो, कुणी रिफचे (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याचे) तुटक घाव, कुणी बास. ड्रम नाहीत; त्यांचं काम गजाच्या आघातांवर सोपवलेलं आहे. ऐकताना कळतं की त्या गाण्यांतल्या सुरावटी किती रेखीव आहेत. मूळ कर्कशपणात त्या सहज निसटतात.

आनंद शंकरांनी १९७० च्या अल्बममध्ये रोलिंग स्टोन्सचं ‘जम्पिंग जॅक फ्लॅश’ सतारीवर घेतलं, सोबत मूग सिंथेसायझर होता. तिथे सतार गायकाच्या जागी आहे. शब्द नाहीत म्हणून मींडेला आणि झाल्याला वाव मिळतो. वाद्यावर गाणं घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: शब्द गेले की कडवं दुसऱ्यांदा तसंच वाजवता येत नाही, दर फेरीला काही नवं द्यावं लागतं.

पायरी ८: गळा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. ठेका, कॉर्ड, वाद्यं सगळं बदललं आणि गाणारा मात्र मूळ गायकाच्याच हरकती घेतोय, असं फार वेळा होतं. कान आणि गळा यांची सवय चिवट असते. नुव्हेल व्हाग हा फ्रेंच गट २००४ पासून पंक आणि न्यू वेव्हची गाणी बॉसा नोव्हाच्या ढंगात करत आला आहे. त्यांनी मुद्दाम अशा गायिका घेतल्या ज्यांनी मूळ गाणी ऐकलेली नव्हती. तुम्हाला हे शक्य नसेल तर निदान तालमीच्या काळात मूळ गाणं पूर्ण बंद ठेवा आणि तुम्ही लिहिलेल्या स्वरांवरूनच गा. किंवा गाणं ठाऊक नसलेल्या मैत्रिणीला तो कागद देऊन गायला सांगा. ती जिथे वेगळं गाईल तिथे लक्ष द्या.

पट्टी मूळ गाण्याची ठेवण्याचं बंधन नाही. सॉफ्ट सेलने ‘टेन्टेड लव्ह’ बरंच खालच्या पट्टीत आणि संथ केलं. गायकाच्या आवाजाला ते बसलं आणि गाण्यातली चीड जाऊन तिथे थंड वैताग आला. शैलीचाही पट्टीवर हक्क असतो. ब्लूग्रासला उंच, ताणलेला आवाज लागतो, बॉसा नोव्हाला खालचा आणि माइकच्या अगदी जवळचा. जॅझ गायक ओळ जरा उशिरा उचलतात. ते जमवायचं तर आधी ओळ अचूक मात्रेवर गाता आली पाहिजे, मग सोडायची.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ज्या लोकांची ती शैली आहे त्यांचे उच्चार ओढूनताणून आणू नका. रेगे गाताना खोटा जमैकन हेल काढला की गाणं सोंग होतं. तुमच्या बोलण्याच्या आवाजातून गाणं निघालं तर शैली परकी असली तरी माणूस खरा वाटतो.

शब्द बदलावेत का? शक्यतो नाही, पण तुमच्या तोंडी एखादा शब्द खोटा वाटत असेल तर तेवढाच. कॅशने ‘हर्ट’मध्ये मुकुटाच्या ओळीतली शिवी काढून काटेरी मुकुट घातला. श्रद्धाळू ख्रिस्ती माणूस असल्यामुळे तो शब्द त्याच्या तोंडी शोभला आणि पूर्ण गाण्याला दुसरा प्रकाश मिळाला.

पायरी ९: बांधा आणि कापा

पहिला मसुदा फोनवरच रेकॉर्ड करा. सुरुवात कशी करायची ते दोन तऱ्हांनी करून बघा: एकात पहिल्या ओळीपर्यंत गाणं ओळखू येऊ नये, दुसऱ्यात खूण पहिल्याच सेकंदाला दाखवावी. पहिली तऱ्हा श्रोत्याला शोधायला लावते, दुसरी त्याला लगेच तुलनेत ढकलते. मला स्वतःला पहिली आवडते, पण नाचाच्या गाण्यांना ती मानवत नाही.

मग दोन माणसांना ऐकवा: एक मूळ गाण्याचा चाहता, एक ते गाणं न ऐकलेला. दुसऱ्याचं मत जास्त मोलाचं. त्याला हे स्वतंत्र गाणं म्हणून ऐकवत असेल तर तुमचं काम उभं आहे. त्याचं लक्ष जिथे भरकटेल तिथे कापा. मूळ गाण्यात तीन कडवी आहेत म्हणून तुमच्यात तीन हवीत असं नाही. संथ केलेल्या गाण्यात दोनच पुरतात.

पायरी १०: हक्क आणि नावं

गाणं आणि त्याचं ध्वनिमुद्रण या कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कव्हर करताना तुम्ही स्वतः वाजवता-गाता, म्हणून मूळ ध्वनिमुद्रणाच्या मालकाशी तुमचा संबंध येत नाही. पण मूळ ट्रॅकचा दोन सेकंदांचा तुकडा जरी वापरला तरी येतो. गीतकार-संगीतकारांचा हक्क मात्र दोन्ही वेळा लागू असतो.

नियम देशोदेशी वेगळे आहेत, त्यामुळे तुमच्या देशातले आधी तपासा. अमेरिकेत १९०९ च्या कायद्यापासून सक्तीच्या परवान्याची सोय आहे: गाणं एकदा अधिकृतपणे ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आलं की ठरलेलं मानधन भरून कुणालाही त्याचं कव्हर ध्वनिमुद्रित करता येतं. त्या परवान्यात आपल्या शैलीप्रमाणे मांडणी बदलायची मुभा आहे, पण मूळ चाल किंवा गाण्याचं मूलभूत स्वरूप बदलायची नाही. म्हणजे शैली बदलणाऱ्यांनी ‘धरायचं’ रकान्यात चाल ठेवण्याला कायद्याचंही कारण आहे. तो परवाना आवाजापुरता असतो. गाण्यावर व्हिडिओ करायचा तर वेगळी परवानगी लागते. गाण्याचं भाषांतर करून गायचं असेल तर तीही वेगळी घ्यावी लागते, कारण भाषांतर ही नवी साहित्यकृती मानली जाते. बरेच लोक हे विसरतात.

व्हिडिओ टाकण्याच्या मोठ्या संकेतस्थळांवर चाल ओळखणाऱ्या यंत्रणा असतात. तुमचं कव्हर ओळखलं गेलं तर बहुधा त्यावरचं उत्पन्न हक्कदारांकडे वळतं किंवा त्यांच्याशी वाटून घेतलं जातं. कधी व्हिडिओ अडवलाही जातो. म्हणून पैशाची गणितं आधी मांडू नका.

वर्णनात गीतकार आणि संगीतकारांची नावं पहिल्या ओळीत लिहा, मूळ गायकाचं दुसऱ्या. अनेक गाणी ज्यांच्या नावाने ओळखली जातात त्यांनी ती लिहिलेली नसतात, तेव्हा नावं अल्बमच्या मुद्रित श्रेयांवरून पडताळून घ्या. मांडणी तुमची असेल तर ‘मांडणी’ असं लिहून तुमचं नाव त्याखाली येऊ द्या, वादकांचीही नावं वाद्यांसह लिहा आणि मूळ गाण्याचा दुवा सोबत जोडा, म्हणजे ऐकणाऱ्याला लगेच तिकडे जाऊन परत येता येईल.